बक्षिसी आणि टिप: अमेरिकेला निघालेल्या आईबाबांसाठी

मे महिना लागला की डॅलसच्या आसपासच्या मराठी घरांत आईबाबांची ये-जा सुरू होते आणि हॉटेलात बिल आलं की दर वर्षी तोच वाद होतो. "टिप ऐच्छिक असते ना? मग वाटलं तर देऊ." किंवा, "वीस टक्के? पाणी आणून ठेवण्याचे?" मुलं दबक्या आवाजात समजावतात, आईबाबा दुखावतात आणि शेवटी मुलगा सगळ्यांची नजर चुकवून टेबलावर नोट ठेवतो. बारा वर्षं मी हे बघते आहे. हा कंजूषपणा नव्हे. जी माणसं गावी दिवाळीला कामवालीला महिन्याचा पगार पोस्त म्हणून देतात, ती इथे शंभर डॉलरच्या बिलावर दोन डॉलर ठेवतात, कारण टिपेला ती बक्षिसी समजतात.

बक्षिसी तुम्हाला मी काय सांगणार. बडीशेपेच्या ताटलीत राहू दिलेले सुटे पैसे, लग्नात आचाऱ्याच्या हातात ठेवलेली नोट, हमालाला "चहा घ्या" म्हणून दिलेले वरचे वीस रुपये. काम करणाऱ्याचा पगार किंवा मजुरी आधीच ठरलेली असते आणि आपण खूश होऊन वर काही देतो. द्यायचं की नाही आणि किती, हे देणारा ठरवतो. नाही दिलं तर समोरचा फार तर हिरमुसतो, त्याचा पगार मात्र कापला जात नाही.

अमेरिकेत टेबलावर जेवण आणून देणाऱ्याची टिप वेगळी आहे. ती त्याचा पगारच आहे. हा एक फरक नीट कळला की बाकीचं आपोआप सुटतं.

इथे केंद्र सरकारने ठरवलेलं किमान वेतन ताशी ७.२५ डॉलर आहे, २००९ पासून तेवढंच. पण ज्यांना टिप मिळते त्यांच्यासाठी कायद्यात सवलत आहे, आणि ती मालकाला आहे. मालकाने स्वतःच्या खिशातून ताशी फक्त २.१३ डॉलर द्यायचे, उरलेले ५.१२ टिपेतून आले असं धरायचं. हा २.१३ चा आकडा १९९१ पासून हललेला नाही. आम्ही राहतो त्या टेक्ससमध्ये आजही हाच चालतो. म्हणजे आठ तास उभं राहून काम केलं तर मालकाकडून मिळतात १७ डॉलर आणि ४ सेंट. त्यातूनच टिपेवरचाही कर कापला जातो, त्यामुळे पगाराच्या चेकवर कित्येकदा जवळजवळ काहीच उरत नाही. वाढणाऱ्या मुलीचं घरभाडं, पेट्रोल, पोराचं दूध हे सगळं टेबलांवरच्या टिपेतून येतं.

इथे कोणीतरी हमखास म्हणतं, "पण टिप कमी पडली तर मालकाने भरून द्यायचं असा कायदा आहे." बरोबर आहे, आहे. पण तो हिशोब टेबलागणिक होत नाही, आठवड्याचा होतो. आठवड्याला ४० तास धरले तर किमान वेतन होतं २९० डॉलर. मालकाने दिले ८५.२०. बाकीच्या टेबलांवरून २०४.८० जमले की मालकाची जबाबदारी संपली. तुम्ही काही दिलं नाही म्हणून मालक एक सेंटही जास्त देत नाही. तुमच्या टेबलाचं नुकसान तिच्या एकटीच्या वाट्याला येतं.

कधीकधी तर त्याहून वाईट होतं. बऱ्याच हॉटेलांत जेवण वाढणारीला मिळालेल्या टिपेतला वाटा टेबल पुसणाऱ्या पोराला, बारवरच्या माणसाला द्यावा लागतो, आणि काही ठिकाणी तो वाटा मिळालेल्या टिपेवर ठरत नाही, तिने केलेल्या विक्रीवर ठरतो. समजा, तुमच्या सहा जणांचं बिल १८० डॉलर झालं आणि तिथला नियम विक्रीच्या ४ टक्क्यांचा आहे. मग तुम्ही टिप दिली काय आणि न दिली काय, तिच्या हातून ७.२० डॉलर जाणारच. तुम्ही काहीच दिलं नाही, तर तुम्हाला दीड तास वाढून ती स्वतःचेच पैसे घालवून घरी गेली. हे बक्षिसीच्या हिशोबात कधीच होत नाही, म्हणून ते आपल्या डोक्यातही येत नाही.

गेल्या उन्हाळ्यात आमच्याकडे आलेल्या एका काकांनी हौसेने सगळ्यांना जेवायला नेलं. बिल त्यांनीच दिलं आणि टिपेच्या रेघेवर शून्य लिहून सही केली. भाजी त्यांना फार आंबट लागली होती, एवढंच कारण. आम्ही उठत होतो तेवढ्यात ती मुलगी परत आली आणि अगदी हळू आवाजात तिने विचारलं, माझं काही चुकलं का? काकांना इंग्रजी उत्तम येतं, प्रश्न त्यांना कळला. पण ती असं का विचारते आहे, हे त्यांना खरंच कळेना. ते म्हणाले, "नाही नाही, तू फार छान वाढलंस." तिचा चेहरा मला अजून आठवतो. काकांनी भाजीवरची नाराजी व्यक्त केली होती आणि पगार कापला होता वाढणाऱ्या मुलीचा. स्वयंपाकी आत होता, मालक तर तिथे नव्हताच. भाजी आंबट असेल तर तिथल्या तिथे सांगा. इथे ती परत नेतात, बहुतेक वेळा बिलातूनही काढतात. त्यासाठी टिप कापू नका.

आपल्याकडे टिपेच्या जवळ जाणारं काही असेल तर ते बलुतं. सुताराने वर्षभर नांगर-वखर दुरुस्त करायचे, लोहाराने फाळ शेवटायचा, न्हाव्याने घरादाराचे केस कापायचे, आणि दर कामाला रोख पैसे नाहीत. सुगीला खळ्यावर पिकाचा वाटा. तो वाटा शेतकऱ्याच्या हातून जायचा, त्यामुळे दिसायला दान दिसायचं, पण तो केलेल्या कामाचा मोबदला होता. वाटा पिकाच्या मानाने, जशी इथली टिप बिलाच्या मानाने. "फाळ मनासारखा झाला नाही म्हणून यंदा काही देत नाही" असं म्हणणारा गावात भला माणूस ठरत नसे.

ही तुलना मी फार गोड करून सांगणार नाही. बलुत्याला जात चिकटलेली होती, काम सोडायची मुभा नव्हती, आणि ज्यांच्याकडून सगळ्यात हलकी कामं करून घेतली त्यांना हक्काचं बलुतंही हात पसरून मागावं लागे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात महार वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं विधेयक आणलं, ते याच दुखण्यावर. ती वतनं कायद्याने गेली १९५८ मध्ये. अमेरिकेतल्या टिपेच्या मुळाशीही असंच एक दुखणं आहे. यादवी युद्धानंतर पुलमन कंपनीने आगगाडीच्या झोपण्याच्या डब्यांवर गुलामीतून नुकतेच सुटलेले काळे पुरुष नोकर म्हणून ठेवले. पगार नावापुरता, बाकी प्रवाशांच्या टिपेवर भागवायचं. प्रवासी त्या सगळ्यांना सरसकट "जॉर्ज" म्हणत, कारण मालकाचं नाव जॉर्ज पुलमन. १९२५ मध्ये ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली या कामगारांची संघटना उभी राहिली आणि १९३७ मध्ये तिने कंपनीशी करार केला. तास कमी झाले, पगार वाढला. हॉटेलातल्या कामगारांसाठी मात्र १९६६ मध्ये टिप पगारात धरायची सवलत थेट कायद्यातच लिहिली गेली. तीच आजची २.१३ ची.

म्हणून "मालकाने नीट पगार द्यायला हवा, आम्ही का द्यायचा?" या प्रश्नातला पहिला भाग मला मनापासून पटतो. हवाच. पण तुमचं शून्य मालकापर्यंत पोचत नाही. त्याला बिलाचे पूर्ण पैसे मिळालेले असतात. पद्धतीचा निषेध करायचा असेल तर त्या हॉटेलात जाऊ नका. जेवून, वाढून घेऊन, मग तत्त्व म्हणून पैसे न देणं हे मला अन्यायाचं वाटतं आणि मी ते घरच्या मोठ्यांनाही सांगते.

मेनूकार्डावरचा भावही याच दृष्टीने वाचा. १५ डॉलरच्या थाळीत वाढणाऱ्याची मजुरी धरलेली नाही, त्यामुळे तुमच्यासाठी ती थाळी कर सोडून १८ डॉलरचीच आहे. ऑर्डर देतानाच तसं धरलं की शेवटी धक्का बसत नाही. आणि महाग पदार्थ आणायला काय जास्त कष्ट पडतात, हा प्रश्न बक्षिसीला लागू आहे, मजुरीला नाही. मार्केट यार्डात अडत मालाच्या किमतीवर ठरते, पोत्याच्या वजनावर नाही, आणि त्याचं आपल्याला नवल वाटत नाही.

किती? टेबलावर वाढत असतील तर १८ ते २० टक्के, कर लागण्याआधीच्या रकमेवर. मी स्वतः २० देते आणि वाद संपवते. बफेला १० पुरेत. सहा किंवा जास्त माणसं असली तर कित्येक ठिकाणी १८ टक्के बिलातच लावलेले असतात. तरीही खाली टिपेची रिकामी रेघ असते आणि आपली माणसं दोनदा देऊन बसतात. बिल वरपासून खालपर्यंत वाचा. "सर्व्हिस चार्ज" असा शब्द असेल तर तो वाढणाऱ्यांना मिळतो का, हे सरळ विचारा, कारण कायद्याने ती रक्कम आधी मालकाची असते. विचारण्यात काहीही गैर नाही.

कार्डाचं एक सांगायला हवं, कारण दर वर्षी कोणीतरी घाबरतं. वेट्रेस कार्ड घेऊन जाते, ओटीपी येत नाही, आणि मोबाइलवर मूळ बिलाचा मेसेज येतो. मग ती दोन पावत्या आणते. त्यावर तुम्ही टिप आणि एकूण रक्कम पेनने लिहून सही करता. खात्यातून शेवटी ती वाढलेली रक्कम जाते. ही फसवणूक नाही.

कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, ओरेगॉन, नेवाडा, मिनेसोटा, मोंटाना आणि अलास्का या सात राज्यांत २.१३ ची सवलत नाही. तिथे मालकाला पूर्ण किमान वेतन द्यावंच लागतं. टिपेची रीत तिथेही आहे, पण कॅलिफोर्नियात सॅन होजेला लेकीकडे जाणाऱ्या आईबाबांनी १५ टक्के दिले तर मी काही बोलणार नाही.

आता उलट बाजू. हल्ली कॉफीच्या काउंटरवर, बेकरीत, अगदी स्वतः उचलून घेतलेल्या पाण्याच्या बाटलीवरही पडदा तुमच्याकडे फिरवतात आणि १८, २०, २५ टक्के विचारतात. तिथे बिनदिक्कत "नो टिप" दाबा. मागे उभ्या असलेल्या माणसाची भीड बाळगू नका. तिथे बहुतेक ठिकाणी पूर्ण पगार असतो, तुम्हाला कोणी दीड तास वाढलेलं नसतं, आणि जे द्याल ती खरोखर आपली बक्षिसीच असेल. मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे, की इथे संकोचाने तीन डॉलर देणारी माणसं संध्याकाळी वेट्रेसला दोन देतात.

टपाल वाटणाऱ्याला पैसे देऊ नका. आपल्याकडे पोस्टमनची दिवाळीची पोस्त ठरलेली, पण इथल्या पोस्टमनला रोख घ्यायला नियमाने बंदी आहे. वीस डॉलरपर्यंतची वस्तू चालते. आम्ही दिवाळीत बेसनाच्या लाडवांचा डबा देतो. पॅरिसलाही जाणार असाल तर वरचं सगळं तिथे विसरा. फ्रान्समध्ये वाढणाऱ्याची मजुरी कायद्याने मेनूतल्या किमतीतच धरलेली असते. जपानमध्ये टिप ठेवली तर मागे धावत येऊन परत करतील.

राहिला विमानतळ. बरेच आईबाबा व्हीलचेअर घेतात. ती सेवा फुकट आहे, आणि ढकलणाऱ्याला बहुधा तोंडाने टिप मागायची परवानगी नसते. इमिग्रेशनच्या रांगेपासून सामानाच्या पट्ट्यापर्यंत आणि तिथून बाहेर लेकाच्या हाती सोपवेपर्यंत तो तासभर तुमच्याबरोबर असतो. त्याला आठवण म्हणून शंभर रुपयांची नोट देऊ नका. ती बदलून घ्यायला त्याला जागा नाही. पाच डॉलर द्या, सामान जास्त असेल तर दहा. अडचण अशी होते की पुण्यामुंबईत डॉलर घेताना हातात पन्नासच्या आणि शंभरच्या नोटा येतात. तेव्हाच पाचच्या चार आणि एकच्या दहा मागून घ्या, आणि त्या पासपोर्टच्या पाकिटात न ठेवता वरच्या खिशात ठेवा.