बी इथली, गर कुणाचा? कोकणातल्या काजू कारखान्यांची पार्श्वभूमी

काजूचे झाड पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून गोव्यात आणले आणि तिथून ते कोकणच्या कातळउतारांवर पसरले. झाड रुजले, पण त्याच्याबरोबर उद्योग आला नाही. अडचण टरफलाची होती. त्यातले तेल इतके दाहक की अंगावर उडाले तर कातडी सोलून निघते. १९२० च्या दशकात केरळात कोल्लमला बी भाजून फोडण्याचा उद्योग उभा राहिला आणि आतला गर अमेरिकेला जाऊ लागला. ज्या गावात बी फुटते त्या गावात मजुरी, डबे, वाहतूक आणि उधारी फिरते. नुसती बी विकणाऱ्या गावात वर्षातून एकदाच पैसा येतो.

कोकणाचे पारडे दोन गोष्टींनी बदलले. पहिली म्हणजे कलम. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काढलेल्या वेंगुर्ला-४ या जातीची बी साधारण ७.७ ग्रॅमची, वेंगुर्ला-७ ची १० ग्रॅमची; दोन्हींत गराचा उतारा ३० टक्क्यांच्या वर. त्यात १९९० मध्ये रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली आणि पडीक वरकस जमिनीवर कलमे उभी राहिली. कलमांमुळे बी एकसारखी मिळू लागली; त्याआधी बीपासून उगवलेल्या झाडांचा माल बारीक-मोठा मिसळलेला असे, आणि एकसारख्या बीशिवाय यंत्र नीट चालत नाही.

दुसरी गोष्ट वाफेची. भाजण्याच्या पद्धतीत धूर फार, जागा मोठी लागे. छोटा बॉयलर आल्यावर दोन-तीन खोल्यांत कारखाना बसू लागला, आणि टरफलच जळण म्हणून वापरता येऊ लागले. बी आधी उन्हात वाळवून ओलावा ८ टक्क्यांच्या आसपास आणायचा, मग १५ ते २० मिनिटे वाफ द्यायची आणि पसरून रात्रभर निवू द्यायची. इथे घाई केली तर गर टरफलाला चिकटून राहतो आणि कटरखाली तुटतो. वाफ जास्त झाली तर तेल आत मुरते, गर काळसर होतो.

फोडलेला गर बोरम्यात, म्हणजे गरम हवेच्या सुकवणी-भट्टीत, ६५ ते ७० अंशांवर सहा-आठ तास सुकवतात. कमी सुकला तर साल सुटत नाही, जास्त सुकला तर सोलताना भुगा होतो. सगळा नफा-तोटा या दोन चुकांमध्ये आहे, कारण अख्ख्या गराला आणि तुकड्याला मिळणाऱ्या भावात मोठी तफावत असते. अख्ख्या गराच्या प्रती आकारावरून ठरतात: डब्ल्यू-१८० म्हणजे एका पौंडात १७० ते १८० अख्खे गर, डब्ल्यू-३२० म्हणजे ३०० ते ३२०. व्यापारी ८० किलोच्या पोत्याला किती पौंड गर उतरतो ते पाहतात. ४८ पौंड, म्हणजे सुमारे २२ किलो, उतरला तर बी चांगली. सोलण्याचे आणि प्रतवारीचे काम आजही बहुतेक बायकांच्या हातात आहे. या मजुरीमुळे घरात पावसाळ्यातही पैसा येतो, आणि घराला मुंबईहून येणाऱ्या पैशाची वाट पाहत बसावे लागत नाही.

तंत्र आले, भांडवल मात्र मागे राहिले, हा या उद्योगाचा खरा पेच आहे. दिवसाला २०० किलो बी फोडणाऱ्या कारखान्याला २५० दिवसांसाठी ५० टन बी लागते, आणि इथला हंगाम मार्च ते मे एवढाच. म्हणजे वर्षाचा माल तीन महिन्यांत रोखीने घ्यायचा आणि कोकणच्या पावसात जपायचा. नीट न वाळलेली बी गोदामात बुरशी धरते, आतला गर पिवळा पडतो. पैसे अपुरे पडले की गणपतीनंतर एकतर यंत्र बंद ठेवायचे, नाहीतर आफ्रिकेहून आलेली बी घ्यायची. तिचा आकार आणि टरफलाची जाडी वेगळी असते. वाफेची वेळ आणि कटरच्या पात्यांमधले अंतर पुन्हा बसवल्याशिवाय तुकड्याचे प्रमाण खाली येत नाही.