पार्श्वभूमी : कमल रणदिवे, उंदरांचं दूध आणि 'आनुवंशिकते'चा दावा

2021 मध्ये 8 नोव्हेंबरला गूगलने मुंबईच्या कर्करोग संशोधक कमल रणदिवे यांच्यावर डूडल केलं. तेव्हापासून त्यांच्याविषयीचं एक वाक्य इकडून तिकडे फिरतं आहे. स्तनाचा कर्करोग आणि आनुवंशिकता यांचा संबंध सांगणाऱ्या पहिल्या काही संशोधकांपैकी त्या एक, असं ते वाक्य. हुजूरपागेची विद्यार्थिनी, फर्ग्युसन, पद्मभूषण हे सगळं वाचकांना ठाऊक असतंच. त्यामुळे हे वाक्यही कोणी तपासत नाही. ते सपशेल खोटं नाही, पण चुकीच्या जागी बोट ठेवणारं आहे, आणि त्यामुळे त्यांच्या खऱ्या कामाचं मोल कमी होतं.

घराण्यात हा आजार फिरतो, ही गोष्ट त्यांच्या जन्माआधी निदान पन्नास वर्षं लिहिली गेली होती. 1866 मध्ये एका फ्रेंच शल्यविशारदाने आपल्या पत्नीच्याच घराण्याच्या अनेक पिढ्या मांडून ते दाखवलं होतं. दुसरा धागा संप्रेरकांचा, म्हणजे हॉर्मोन्सचा. 1896 मध्ये स्कॉटलंडमधल्या एका डॉक्टरांनी अंडाशय काढल्यावर स्तनातल्या गाठी आक्रसतात असं नोंदवलं. 1932 मध्ये फ्रान्समध्ये नर उंदरांना स्त्री-संप्रेरक टोचून त्यांच्यात स्तनाचा कर्करोग निर्माण करण्यात आला. म्हणजे आनुवंशिकता माहीत होती, संप्रेरकंही माहीत होती. माहीत नव्हतं ते हे, की आईकडून मुलीकडे जे जातं ते सगळं आनुवंशिकच असतं का.

इथे दुधाची भानगड सुरू होते, आणि ती नीट समजून घेतल्याशिवाय रणदिवे यांच्या मुंबईत, परळमधल्या कामाचा अर्थ लागत नाही.

अमेरिकेत बार हार्बरच्या प्रयोगशाळेत उंदरांचे शुद्ध वाण तयार केले जात होते. भाऊबहिणींचा संकर वीस पिढ्या चालवला की एका वाणातले उंदीर जनुकांच्या बाबतीत जवळजवळ एकसारखे होतात. त्यातल्या काही वाणांत बहुतेक माद्यांना स्तनाचा कर्करोग होई, काहींत जवळपास कोणालाच नाही. 1933 मध्ये तिथल्या संशोधकांनी दोन्हींचा उलटसुलट संकर केला. आई कॅन्सरच्या वाणाची आणि बाप निरोगी वाणाचा, तर मुलींना कॅन्सर. आई निरोगी आणि बाप कॅन्सरच्या वाणाचा, तर मुली बऱ्याच अंशी सुटलेल्या. दोन्हीकडच्या मुलींच्या पेशीकेंद्रांतली जनुकं सारखीच, कारण अर्धी इकडची, अर्धी तिकडची. तरी फरक आईवरून पडत होता. मग तो जनुकांचा कसा म्हणायचा?

1936 मध्ये तिथल्याच एका संशोधकाने साधा प्रयोग केला. कॅन्सरच्या वाणाची नवजात पिल्लं आईपासून काढून निरोगी वाणाच्या दूधआईला लावली. त्यांच्यातलं कॅन्सरचं प्रमाण झपाट्याने घसरलं. दोष दुधात होता. पण त्याने त्याला विषाणू म्हटलं नाही, 'दुधातला घटक' म्हटलं. त्या काळात कॅन्सरचा विषाणू हा शब्द काढणाऱ्याकडे संशयाने पाहिलं जाई, आणि विषाणू म्हटलं असतं तर अनुदान मिळालं नसतं, असं तो पुढे म्हणाल्याचं सांगतात. त्या सावध शब्दामुळे विषय मात्र वर्षानुवर्षं धूसर राहिला. आनुवंशिकतावाले त्याला आपला म्हणत, संसर्गवाले आपला. 1940 च्या दशकाच्या अखेरीपासून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली कण दिसू लागले, तेव्हा कुठे तो विषाणू असल्याबद्दलचा वाद मिटत गेला.

कमल समर्थ, म्हणजे लग्नाआधीच्या कमल रणदिवे, नेमक्या या धामधुमीच्या काळात घडल्या. वडिलांची इच्छा मुलीने डॉक्टर व्हावं अशी होती. त्या पुण्याच्या कृषी महाविद्यालयात गेल्या आणि सीताफळ-रामफळाच्या कुळातल्या वनस्पतींच्या गुणसूत्रांवर 1943 मध्ये एम.एस्सी. झाल्या. 1939 मध्ये लग्न होऊन त्या मुंबईला आल्या होत्या. परळचं टाटा हॉस्पिटल 1941 मध्ये सुरू झालं, आणि तिथल्या विकृतिशास्त्राच्या (पॅथॉलॉजीच्या) प्रमुखांच्या हाताखाली त्यांनी पीएच.डी.चं काम केलं. 1949 मध्ये पदवी मिळाली. वनस्पतींच्या गुणसूत्रांवरून उंदरांच्या गाठींवर येणं आज विचित्र वाटेल. मला ते अगदी सरळ वाटतं. वाण, संकर, पिढ्या ही सगळी शेतकीची भाषा आहे. ज्याला डॉक्टरी शिकवली गेली त्याने आधी रुग्ण पाहिला असता. यांनी वाण पाहिला.

त्यांच्या कामाचा गाभा सांगायचा तर कॅन्सरची उपजत प्रवृत्ती, संप्रेरकं आणि दुधातून येणारा विषाणू या तिन्हींचं एकमेकांशी नातं काय, हा प्रश्न. विषाणू शरीरात असला तरी मादी गाभण होईपर्यंत तो बऱ्याचदा गप्प राहतो. संप्रेरकं वाढली की तो जागा होतो. काही वाणांत तो शिरला तरी फारसं काही होत नाही, कारण त्यांची जनुकं दाद देत नाहीत. म्हणजे तिन्ही गोष्टी लागतात, आणि एकीवर बोट ठेवून 'हेच कारण' म्हणता येत नाही. डूडलवाल्या वाक्यात नेमकी ही गुंतागुंत गाळली जाते.

पीएच.डी. नंतर त्या अमेरिकेत बाल्टिमोरला पेशीसंवर्धन, म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढवणं, शिकायला गेल्या. 1951 मध्ये हेला पेशी, म्हणजे प्रयोगशाळेत अखंड वाढत राहणाऱ्या माणसाच्या कॅन्सरच्या पेशी, जिथे पहिल्यांदा वाढल्या, तीच ती प्रयोगशाळा. परत आल्यावर परळच्या कॅन्सर संशोधन केंद्रात त्यांनी पेशीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. पेशी जगवायला लागणारी पोषकद्रव्यं आणि रसायनं तेव्हा इथे सहज मिळत नव्हती. 1960 च्या सुरुवातीच्या वर्षांत त्यांच्या गटाने ती घरचीच तयार केली. हे काम शोधनिबंधांत एका ओळीत येतं आणि पुरस्कारांच्या यादीत येतच नाही, पण पुढच्या कितीतरी जणांचं संशोधन त्यावर उभं राहिलं.

संस्थेच्या नावातली (इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर) इंग्रजी आद्याक्षरं घेऊन तिथल्या उंदरांच्या एका वाणाला 'आयसीआरसी' म्हणत. त्या वाणात स्तनाच्या कर्करोगाचं प्रमाण मोठं होतं. कुष्ठरुग्णाच्या ऊतीतून 1958 मध्ये वेगळ्या केलेल्या, आणि पुढे कुष्ठरोगाच्या लशीसाठी वापरलेल्या जिवाणूलाही 'आयसीआरसी'च म्हणत. जुने निबंध चाळताना उंदीर कुठला, जिवाणू कुठला आणि संस्था कुठली, हे मागचंपुढचं वाक्य पाहूनच ठरवावं लागतं.

1966 ते 1970 त्यांनी केंद्राच्या संचालकपदाची प्रभारी जबाबदारी सांभाळली. त्याच सुमारास उंदरांच्या दुधाचा प्रश्न माणसांकडे वळला, आणि वळला तो मुंबईकडेच. 1963 मध्ये सुरू झालेल्या मुंबईच्या कॅन्सर नोंदणीतून पारशी स्त्रियांत स्तनाचा कर्करोग शहरातल्या इतर स्त्रियांपेक्षा जास्त असल्याचं दिसत होतं. लहान समाज, आपसांतली लग्नं, लग्नं उशिरा, मुलं कमी. जनुकांचा आणि संप्रेरकांचा असे दोन्ही धागे तिथे होतेच. तिसरा शोधायचा राहिला होता. 1971 मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात अमेरिकन गटाचा एक निबंध आला. त्यात मुंबईच्या संशोधकांचीही नावं होती. सर्वसाधारण अमेरिकन स्त्रियांच्या तुलनेत पारशी स्त्रियांच्या दुधात उंदरांच्या विषाणूसारखे दिसणारे कण जास्त वेळा सापडतात, असा तो निष्कर्ष.

याचा पुढचा प्रश्न कोणालाही सुचेल, आणि तो धोक्याचा होता. घरात हा आजार असेल तर आईने मुलीला अंगावर पाजू नये का? सुदैवाने लोकसंख्येच्या आकड्यांनी उत्तर लवकर दिलं. अमेरिकेत दोन-तीन पिढ्यांत अंगावर पाजणं खूप घटलं होतं, तरी स्तनाचा कर्करोग घटला नव्हता. अंगावर प्यालेल्या मुलींना तो जास्त होतो असंही दिसलं नाही. विषाणूसारखे कण निरोगी स्त्रियांतही दिसू लागले, आणि विषयातली हवा गेली. माझ्या मते ही परळची किंवा कोणाची नामुष्की नव्हती. प्रश्न विचारायलाच हवा होता. घाई झाली ती एका छायाचित्रातल्या कणाला विषाणू मानण्यात.

1982 मध्ये रणदिवे यांना पद्मभूषण मिळालं. त्याच वर्षी परदेशात उंदरांच्या त्या विषाणूचा डाव उघड झाला. तो स्तनाच्या पेशीत आपली प्रत एका विशिष्ट जनुकाशेजारी घुसवतो आणि ते जनुक चालू करून टाकतो. काही वाणांत तर ही प्रत बीजपेशींतच (अंडपेशी, शुक्राणू) बसलेली असते, म्हणजे दूध न पाजताही ती पुढच्या पिढीत जाते. 'आनुवंशिक की संसर्गजन्य' हा प्रश्न उंदरापुरता तरी चुकीचा ठरला, कारण विषाणूच वारशाचा भाग झालेला असतो.

माणसांत वेगळंच निघालं. 1990 मध्ये सतराव्या गुणसूत्रावर वारशाने येणाऱ्या स्तनाच्या कर्करोगाशी जोडलेल्या एका जनुकाची जागा सापडली, 1994 आणि 1995 मध्ये बीआरसीए-1 आणि बीआरसीए-2 ही तशी दोन जनुकं हाती आली. आज कुठल्याही मोठ्या शहरात त्यांची चाचणी होते. पण स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांपैकी थेट वारशाने आलेली प्रकरणं साधारण 5 ते 10 टक्केच. बाकीच्यांत पहिलं मूल उशिरा होणं, मुलं कमी असणं, रजोनिवृत्तीनंतरचं वजन अशा संप्रेरकांशी जोडलेल्या गोष्टी पुन्हा पुन्हा समोर येतात. विषाणूचा धागाही पुरता तुटलेला नाही. 1995 मध्ये न्यूयॉर्कच्या एका गटाने माणसांच्या गाठींत उंदरांच्या विषाणूसारखे जनुकीय तुकडे सापडल्याचं जाहीर केलं. नमुन्यात उंदराचं डीएनए मिसळलं असेल, हा आक्षेप तेव्हाच घेतला गेला, आणि तो वाद आजही निकाली निघालेला नाही.