पायाच्या नखांची क्युटिकल काढणे

पायाच्या नखांची क्युटिकल काढणे : नखाच्या बुडाशी, नखाच्याच पाठीवर चिकटून बसलेला मृत त्वचेचा पापुद्रा मऊ करून सोडवण्याची क्रिया. मुंबईच्या पार्लरांत ती पेडिक्युअरबरोबर होते. घरी मात्र ती नेलकटरने घाईघाईत उरकली जाते आणि दुखणे बहुधा तिथूनच सुरू होते.

गोंधळ होतो तो दोन गोष्टींत. क्युटिकल म्हणजे लसणाच्या पाकळीवरच्या सालीसारखा पातळ, जीव नसलेला थर. तो खरवडला तरी काही जाणवत नाही. त्याच्या मागची गुलाबी, फुगीर कड ही त्वचेची जिवंत घडी असते. तिला कात्री लागली की रक्त येते. खिडकीच्या काचेच्या कडेने भरलेल्या लांबीसारखी (पुट्टीसारखी) ही दोन्ही मिळून पाणी, जंतू आणि बुरशी आत शिरू देत नाहीत. आत, घडीखाली, नखाची मुळी असते. तिला इजा झाली तर वाढणाऱ्या नखावर आडवी खाच उमटते. पायाचे नख महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर वाढते, त्यामुळे अंगठ्यावरची खाच पुढे सरकून कापली जायला वर्ष-दीड वर्ष लागते. म्हणूनच त्वचारोगतज्ज्ञ शक्यतो क्युटिकलला हातच लावू नये असे सांगतात. करायचेच असेल तर ढकलणे पुरते. कापणे हा अपवाद.

पाय कोमट पाण्यात 5 ते 10 मिनिटे बुडवावेत. जास्त वेळ ठेवले तर जिवंत कातडीही पांढरी पडते आणि काय काढायचे, काय नाही, हे दिसेनासे होते. पाय टिपून खोबरेल तेलाचा थेंब बुडाशी चोळावा. बाजारातल्या क्युटिकल रिमूव्हरमध्ये बहुधा पोटॅशियम हायड्रॉक्साइडसारखा अल्क असतो. तो केराटिन (नख आणि कातडी ज्याची बनते ते प्रथिन) सैल करतो, पण वेळ टळली तर जिवंत कातडीही भाजतो. त्यामुळे वेष्टनावर दिलेली वेळ (बहुधा एक-दोन मिनिटे) काटेकोर पाळून पाय स्वच्छ धुवावेत. फुटलेल्या कातडीला तो लावूच नये.

मग कापूस गुंडाळलेली लाकडी काडी नखावर जवळजवळ आडवी धरून, मधून कडांकडे, हलक्या गोल हाताने फिरवावी. पापुद्रा पांढुरक्या भुग्यासारखा सुटून येतो. काडी घडीच्या खाली खुपसू नये. टोचल्यासारखे वाटले की थांबावे. निपर (बारीक टोकाची छोटी कातरपक्कड) वापरायचा तो फक्त आधीच सुटून उभ्या राहिलेल्या सालीसाठी, आणि तीही कापायची, ओढायची नाही. ओढलेली साल जिवंत कातडीत फाटत जाते. नेलकटर इथे निरुपयोगी, कारण त्याच्या पात्यांमध्ये नेमके काय सापडले आहे ते दिसत नाही. अंगठ्याच्या कोपऱ्यांत साठतो तो मळ, क्युटिकल नव्हे. तिथे कोरत बसल्याने नख मांसात रुतण्याची वाट मोकळी होते. तीन-चार आठवड्यांतून एकदा एवढे पुरे.

हत्यारे साबणाने घासून, 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, कोरडी करून ठेवावीत. मोरीतल्या पेल्यात उभी ठेवलेली हत्यारे मुंबईच्या दमट हवेत गंजतात. काडी एकदा वापरून टाकून द्यावी.

जून ते सप्टेंबर हा काळ या कामाला वाईट. तुंबलेल्या पाण्यात उंदरांच्या मूत्रातून आलेले लेप्टोस्पायराचे जंतू असू शकतात आणि ते त्वचेवरच्या बारीक चिरेतूनही शरीरात शिरतात. 26 जुलै 2005 च्या महापुरानंतर शहरात लेप्टोची (या जंतूंमुळे होणाऱ्या आजाराची) साथ आली होती. पावसाळ्यात काम करावेच लागले तर रात्री, दुसऱ्या दिवशी बाहेर पडायचे नसताना करावे. चीर असलेला पाय अशा पाण्यात बुडाला असेल तर लगेच डॉक्टरांना दाखवावे. प्रतिबंधक औषध घ्यायचे की नाही हे तेच ठरवतात.

रक्त आलेच तर स्वच्छ गॉजने पाच-दहा मिनिटे सलग दाबून धरावे. मध्येच उचलून पाहू नये. दोन-चार दिवसांत कड लाल होऊन ठणकू लागली तर ते नखुरडे. सुरुवातीला दिवसातून तीन-चार वेळा कोमट पाण्याचा शेक चालतो. पू दिसला की सुईने फोडायचे नाही, डॉक्टर गाठायचे. मधुमेह, पायांची बधिरता किंवा रक्ताभिसरणाचा त्रास असलेल्यांनी हे घरी करूच नये : चीर लागलेली त्यांना कळत नाही आणि ती लवकर भरतही नाही. नख जाड, पिवळे होऊन भुगा पडत असेल तर ते बहुधा बुरशीचे काम असते. तिथे पुशर (क्युटिकल ढकलायचे हत्यार) फिरवून काही साधत नाही आणि तेच हत्यार दुसऱ्या बोटाला लावल्यास बुरशी तिथेही पोहोचू शकते.