मिलीग्रे आणि मिलीसीव्हर्ट: सीटीच्या डोस शीटवरचा आकडा नक्की कशाचा?

सीटी स्कॅन झाला की बऱ्याच ठिकाणी फिल्मसोबत किंवा सीडीत डोस शीट पण येते. डोक्याचा स्कॅन असेल तर त्यावर सीटीडीआय (स्कॅनरच्या डोसचं माप) ६० मिलीग्रे असं काहीतरी दिसतं, मग घरातलं कोणीतरी नेटवर शोधतं, तिथे सापडतं की रेडिएशनमध्ये काम करणाऱ्या माणसाला वर्षाला सरासरी २० मिलीसीव्हर्टच चालतात, आणि मग घाबरगुंडी, आईला एका स्कॅनमध्ये तीन वर्षांचा डोस दिला म्हणून. असे फोटो मला सारखे येतात आणि दर वेळी मी तेच सांगतो, आधी युनिट बघा. ६० मिलीग्रे आणि २० मिलीसीव्हर्ट यांची तुलनाच होत नाही.

गोंधळ होणं साहजिक आहे, कारण दोन्ही युनिटं कागदावर सारखीच, ज्यूल प्रति किलो. पण ग्रे सांगतो की त्या जागी एक किलो पदार्थात किती ऊर्जा शोषली गेली, बस. अवयव कुठला, रेडिएशन कुठलं, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. सीव्हर्टमध्ये ते दोन्ही धरलेलं असतं. आधी रेडिएशनचा प्रकार: एक्स-रे, गॅमा आणि बीटाला १ ने गुणायचं, अल्फाला २० ने. मग अवयवाचा वाटा: फुफ्फुसाला ०.१२, थायरॉइडला ०.०४, त्वचेला फक्त ०.०१. सगळ्यांची बेरीज केली की जो आकडा येतो तो अख्ख्या शरीराच्या धोक्याचा अंदाज, त्याला इफेक्टिव्ह डोस म्हणतात.

आता हेच डोस शीटवर करून बघू. डोक्याचा सीटीडीआय ६० मिलीग्रे, स्कॅनची लांबी १६ सेंटीमीटर, गुणाकार ९६०. शीटवर डीएलपी लिहिलेलं असतं ते हेच. डीएलपीला ज्याने गुणून मिलीसीव्हर्ट मिळतात तो फॅक्टर मोठ्या माणसाच्या डोक्यासाठी ०.००२१, म्हणजे झाले साधारण २ मिलीसीव्हर्ट. छातीचा सीटीडीआय समजा १० मिलीग्रे, लांबी ३५, डीएलपी ३५०, पण छातीचा फॅक्टर ०.०१४ म्हणून येतात ४.९ मिलीसीव्हर्ट. म्हणजे मिलीग्रे सहापट कमी आणि मिलीसीव्हर्ट दुपटीहून जास्त! छातीत फुफ्फुसं, स्तन, हाडांतला मगज असं सगळं नाजूक सामान येतं आणि स्कॅनची लांबीही जास्त असते, म्हणून. नैसर्गिक रेडिएशनच माणसाला जगभरात सरासरी वर्षाला २.४ मिलीसीव्हर्ट मिळतं, त्याच्या शेजारी आईचे ते २ ठेवून बघा. गरजेचा स्कॅन नुसत्या ६० च्या आकड्याला घाबरून रद्द करणारे लोक आहेत आणि त्याचं मला खरंच वाईट वाटतं.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. सीटीडीआय हा पेशंटच्या अंगात मोजलेला नसतोच, तो प्लास्टिकच्या गोल ठोकळ्यातला असतो, डोक्यासाठी १६ सेंटीमीटर व्यासाचा आणि पोट-छातीसाठी ३२ चा. आणि वरचे फॅक्टर मोठ्यांचे आहेत, लहान मुलांचे बरेच जास्त असतात, तेव्हा बाळाच्या शीटवर हे गणित लावू नका.

रेडिओथेरपीत उलटी चूक होते. २५ सिटिंगमध्ये ५० ग्रे दिले असं फाइलवर असतं, कोणीतरी त्याचे ५० सीव्हर्ट करतं आणि मग वाचतं की ४-५ सीव्हर्टला माणूस दगावतो. अहो, ते ४-५ म्हणजे अख्ख्या अंगावर एकदम पडले आणि उपचार मिळाले नाहीत तर, आणि तेही खरं तर ग्रेमध्येच सांगायला हवं. थेरपीत डोस गाठीवर एकवटलेला असतो आणि रोज थोडा थोडा दिलेला असतो. सीव्हर्ट कमी डोसच्या दूरच्या धोक्यासाठी आहे, थेरपीत तो आणायचाच नाही.

डोळे मिटून करता येणारं कन्व्हर्जन एवढंच: १ ग्रे म्हणजे १०० रॅड, १ सीव्हर्ट म्हणजे १०० रेम (रॅड आणि रेम ही जुनी युनिटं). जुन्या अमेरिकन कागदांत मिलीरेम दिसले की १०० ने भागा, मिलीसीव्हर्ट मिळाले. रॉन्टजेन हे तिसरंच प्रकरण, ते फक्त हवेत एक्स-रे किंवा गॅमामुळे किती आयन झाले ते मोजतं, १ रॉन्टजेन म्हणजे हवेत जवळपास ८.८ मिलीग्रे. १९८६ मध्ये चेर्नोबिलला सुरुवातीला जो ताशी ३.६ रॉन्टजेनचा आकडा सांगितला गेला तो खरा डोस नव्हताच, हाताशी असलेल्या मीटरची पट्टीच तिथे संपत होती.

आपल्याकडेही सर्व्हे मीटरवर (त्या जागेचं रेडिएशन मोजायचं यंत्र) अजून मिलीरॉन्टजेन प्रति तास दिसतं. कामापुरतं १ मिलीरॉन्टजेन म्हणजे १० मायक्रोसीव्हर्ट धरतात, एक्स-रे आणि गॅमासाठी ते चालतं. फक्त तो आकडा ताशी असतो हे विसरू नका: मीटर २ मिलीरॉन्टजेन दाखवतोय आणि तुम्ही तिथे १५ मिनिटं उभे राहिलात तर २० नाही, ५ मायक्रोसीव्हर्ट मिळाले.