आना ब्लांदियाना: पार्श्वभूमी एका कवयित्रीची आणि एका बोक्याची

ओतिलिया वालेरिया कोमान हे कवयित्री आना ब्लांदियानाचं खरं नाव. जन्म १९४२चा, रोमानियातल्या तिमिशोआराचा. वडील ऑर्थोडॉक्स धर्मगुरू, आणि कम्युनिस्ट राजवटीचे कैदी. १९५९ साली क्लुज शहरातल्या ‘त्रिबुना’ या नियतकालिकात तिची पहिली कविता आली, ती आईच्या गावावरून घेतलेल्या टोपणनावानं. पण मुलगी कुणाची हे कळायला वेळ लागला नाही, आणि सतराव्या वर्षीच तिच्यावर बंदी आली. पहिला संग्रह निघायला १९६४ उजाडलं. त्याच साली वडील माफीत सुटले आणि थोड्याच दिवसांत अपघातात गेले.

पुढची वीस वर्षं तशी बरी गेली. पुस्तकं येत होती, १९८२ला हेर्डर पुरस्कारही मिळाला. ठिणगी पडली ती १९८४ च्या अखेरीस. ‘अंफितेआत्रु’ या विद्यार्थ्यांच्या मासिकात तिच्या चार कविता छापून आल्या. त्यातली ‘तोतुल’ (म्हणजे ‘सगळं’) ही नुसती यादी: काड्यापेट्या, मांजरं, कधीमधी येणारी ट्राम, पिठासाठी रांगा, रिकाम्या बाटल्या, भाषणं, ओळखीच्या तसबिरी. टीकेचा एक शब्द नाही. सेन्सॉरनं कात्री लावायची तरी कुठे? दुसऱ्या एका कवितेचा रोख गर्भपातबंदीवर होता. १९६६ पासून रोमानियाचा हुकूमशहा चाउशेस्कू याच्या हुकमानं ती लागू होती. अंक मागे घेतले गेले, पण कविता हातानं उतरवून घरोघर फिरल्या.

१९८८ साली तर कमालच झाली. तिनं मुलांसाठी लिहिलेल्या पुस्तकात आर्पाजिक नावाचा बोका होता. गल्लीभर त्याचा बडेजाव. वाचणाऱ्यांना त्यात थेट चाउशेस्कू दिसला. पुस्तक दुकानांतून उचललं गेलं आणि कवयित्रीला पुन्हा बंदी! माझ्या मते हुकूमशहाची याहून फजिती कुठल्याच भाषणानं केली नसती. बोका म्हणजे आपणच, हे सरकारनंच जाहीर करून टाकलं.

डिसेंबर १९८९ मध्ये राजवट कोसळली. नव्या सत्ताधारी परिषदेत तिचं नाव घेतलं गेलं, पण जानेवारीतच तिनं राजीनामा दिला. नंतर ‘नागरी आघाडी’ या चळवळीचं नेतृत्व केलं. पती, लेखक रोमुलुस रुसान यांच्यासह सिगेत या गावातल्या जुन्या राजकीय तुरुंगाचं स्मारक उभारण्यासाठी ती झटली. युलिउ मानिउ हे माजी पंतप्रधान १९५३ साली याच तुरुंगात वारले होते. स्मारक १९९७ मध्ये खुलं झालं. २०२४ साली तिला स्पेनचा प्रिन्सेस ऑफ अस्तुरियास साहित्य पुरस्कार मिळाला.