रोमँटिक कवींच्या दोन पिढ्या: गल्लत कुठे होते

वर्ड्‌सवर्थ, कोलरिज, बायरन, शेली, कीट्स ही इंग्रजी रोमँटिक कवींची नावं एका दमात घेतली जातात आणि ‘फ्रेंच राज्यक्रांतीचा प्रभाव’ हे एकच वाक्य पाचांनाही चिकटवलं जातं. पण १७८९ च्या जुलैत वर्ड्‌सवर्थ १९ वर्षांचा होता, बायरन दीड वर्षाचा, आणि शेली-कीट्स जन्मलेही नव्हते. पहिली पिढी वर्ड्‌सवर्थ-कोलरिजची, दुसरी उरलेल्या तिघांची.

वर्ड्‌सवर्थने १७९१-९२ मध्ये फ्रान्सला राहून क्रांती पाहिली. १७९३ मध्ये ब्रिटन-फ्रान्स युद्ध पेटलं, इंग्लंडात सुधारणावाद्यांची धरपकड झाली, तशी त्याची राजकीय आशा खचत गेली. कवितेत मात्र भिकारी, मेंढपाळ, सैनिकाची विधवा आली. ‘लिरिकल बॅलड्स’ (१७९८) या संग्रहातल्या २३ कवितांपैकी १९ त्याच्या, ४ कोलरिजच्या. लोकांच्या खऱ्या बोलीचा आग्रह धरणारी ती गाजलेली प्रस्तावना १८०० च्या आवृत्तीतली आहे. १७९८ ला होतं ते छोटंसं निवेदन. उत्तरपत्रिकांत ही चूक हमखास दिसते.

धाकटे कवी युद्धातच वाढले. १८१५ मध्ये वॉटर्लूच्या लढाईनंतर शांतता आली, पण तिच्यासोबत बेकारी आली आणि धान्य महाग ठेवणारा कॉर्न लॉ आला. त्याआधीच, १८१२ मध्ये, विणकामाची यंत्रं फोडणाऱ्या कामगारांना फाशी देण्याच्या विधेयकाविरुद्ध बायरन हाउस ऑफ लॉर्ड्‌समध्ये बोलला होता. १६ ऑगस्ट १८१९ ला मँचेस्टरच्या सेंट पीटर्स फील्डवर मताधिकार मागायला जमलेल्या सुमारे ६०,००० लोकांवर घोडदळ घातलं गेलं. बातमी इटलीत पोचताच शेलीने ‘द मास्क ऑफ अ‍ॅनार्की’ लिहिली. कीट्सच्या कवितेत असं थेट राजकारण क्वचितच सापडेल. तरी घोड्यांचा तबेला सांभाळणाऱ्याच्या या मुलावर १८१८ मध्ये सनातनी मासिकाने जी टीका केली, तिच्यात वर्गाचा तिरस्कार उघड दिसतो.

दुसरी पिढी म्हणजे पहिली संपल्यावर आलेली, हा समज तर साफ चुकीचा. कीट्स १८२१ मध्ये गेला, शेली १८२२, बायरन १८२४. वर्ड्‌सवर्थ १८५० पर्यंत जगला. १८१३ मध्ये त्याने सरकारी नोकरी घेतली, १८४३ मध्ये राजकवीपद. शेलीने त्याच्यावर खेदाने सुनीत लिहिलं ते तो हयात असतानाच. हे भांडण घरातल्या थोरल्याशी होतं.

म्हणून कविता कुठल्या काळाची हे ठरवताना प्रकाशनाचं साल पुरत नाही, लेखनाचं शोधा. शेलीची ‘द मास्क ऑफ अ‍ॅनार्की’ त्याच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, १८३२ मध्ये छापली गेली. वर्ड्‌सवर्थच्या ‘प्रिल्यूड’ या दीर्घकाव्याचा क्रांतीवरचा भाग १८०५ मध्ये लिहून तयार होता, पूर्ण स्वरूपात वाचकांच्या हाती पडला तो १८५० मध्ये, मधल्या वर्षांत त्याने स्वतः बदललेल्या रूपात.