पेनड्राइव्हवर फोटो गेला, मग तारीख कुठे गेली?

ठाणे खाडीत फ्लेमिंगो आले की ऐरोली, नेरूळ, सीवूड्सकडे कॅमेरेवाल्यांची गर्दी होते, मग फोटो पेनड्राइव्हवरून एकमेकांना दिले जातात आणि कोणीतरी वैतागून विचारतंच, अरे सगळ्या फोटोंवर आजची तारीख का दिसतेय? खाडीचा काही भाग २०१५ पासून अभयारण्य आहे, २०२२ पासून महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आहे, त्यामुळे इथला फोटो कधी नि कुठे काढला हे कळलंच पाहिजे, नाहीतर नोंद म्हणून तो फार उपयोगाचा राहत नाही.

पण खरी तारीख बहुतेक वेळा गेलेलीच नसते. क्लिक केलं की कॅमेरा वेळ, शटर स्पीड, आयएसओ, जीपीएस चालू असेल तर ठिकाण, हे सगळं जेपेग फाइलच्या आतच लिहितो. ह्याला एक्झिफ म्हणतात, १९९५ मध्ये जपानमध्ये हे स्टँडर्ड ठरलं. साधं कॉपी-पेस्ट केलं तर फाइलच्या आतलं काहीच बदलत नाही, म्हणून एक्झिफ जसंच्या तसं पेनड्राइव्हवर पोचतं.

फोल्डरमध्ये दिसणारी तारीख वेगळी. ती फाइलमध्ये नसतेच, ड्राइव्हच्या फाइल सिस्टिमच्या, म्हणजे फाइली ठेवायच्या व्यवस्थेच्या, नोंदीत असते, आणि विंडोजमध्ये कॉपी केली की 'क्रिएटेड'ला कॉपीची वेळ लागते, 'मॉडिफाइड' सहसा जुनीच राहते, फोनमधून केबलने घेतलं तर कधीकधी तीही बदलते. त्यात पेनड्राइव्हची फाइल सिस्टिम फॅट३२ असेल तर मॉडिफाइड वेळ दोन-दोन सेकंदांच्याच टप्प्यात लिहिली जाते, म्हणजे थवा उडताना बर्स्टमध्ये, म्हणजे झपाट्याने एकापाठोपाठ, काढलेल्या बऱ्याच फ्रेम एकाच वेळेच्या दिसतात.

विंडोज कधीकधी विचारतं ना, की ह्या फाइलच्या काही प्रॉपर्टीज नव्या जागी जाणार नाहीत, तरी कॉपी करू का? तो बॉक्स वाचा. विंडोजच्या हार्ड डिस्कवरच्या एनटीएफएस ह्या फाइल सिस्टिममध्ये फाइलला जोडून जास्तीची माहिती ठेवता येते, फॅट३२ आणि एक्सफॅटमध्ये तशी सोयच नाही. मॅकवाले टॅग लावतात ते अशा पेनड्राइव्हवर डॉट-अंडरस्कोरने सुरू होणाऱ्या वेगळ्या फाइलीत जातात, आणि पुढे कोणीतरी कचरा समजून त्या उडवतं.

सगळ्यात जास्त जीव तुटतो तो कॅप्शनसाठी. गूगल फोटोजमध्ये आपण टाइप केलेलं कॅप्शन त्या ॲपकडेच राहतं, सगळं एकदम एक्सपोर्ट केलं की ते फोटोबाहेर, वेगळ्या जेसन नावाच्या मजकुराच्या फाइलीत मिळतं. म्हणून माझं सांगणं, पक्ष्याचं नाव, ठिकाण जे काय ते डिजिकॅम किंवा एक्झिफटूल ह्या सॉफ्टवेअरने फोटोच्या आतच लिहा. रॉ फाइल (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली फाइल) असेल तर ही माहिती बहुतेक वेळा शेजारच्या त्याच नावाच्या एक्सएमपी फाइलीत असते, तीही बरोबर न्या. व्हॉट्सॲपवर पाठवायचं तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फोटो म्हणून पाठवलं की एक्झिफ जातं.

आणि फोल्डरमधल्या तारखा आधीच बिघडल्या असतील तर एक्झिफटूल आतली वेळ वाचून मॉडिफाइड तारीख परत तशी लावून देतं, आधी एखाद्या कॉपीवर करून बघा.